तोंडी परवाना

त्या माणसानं नमस्कार चांगल्या मनानं केला, हेच रंजीताला सोसलं नाही. आदिलाबादच्या बसस्टँडबाहेर ती मयूरीला घेऊन गावाकडच्या ऑटोची वाट बघत उभी होती. पोरीला नुकतंच इंटरला, म्हणजे अकरावीला, घातलं होतं, नव्या दप्तराचा रेक्झिनचा वास दोघींच्या मधे उभा होता. समोरच्या टपरीवर साध्या शर्टातला एक जाडसर माणूस चहा पीत होता. त्यानं हिच्याकडं पाहिलं, ओळख पटली तसा त्याचा चेहरा उजळला, आणि कप धरलेला हात तसाच कपाळाकडं नेत तो म्हणाला, “एंदक्का, दुकाणं मंचिग नडुस्तुंदा?” काय अक्का, दुकान बरं चालू आहे ना. आणि रंजीताच्या मानेनं तिला न विचारता होकार भरला. वर तोंडही हसलं. हा कोण, हे तिला तिथं उभं असताना आठवलंच नाही. आठवलं ते ऑटो मावला गाव सोडून पुढं लागल्यावर, दोन बायका आणि सरकीच्या पोत्याच्या मधे ती चेपून बसली होती तेव्हा. गेल्या उन्हाळ्यात एक्साइजच्या जीपमधे तिला ज्यानं बसवलं तो जमादार. म्हणजे हा. म्हणजे आपण त्याला पाहून हसलो. तो हिणवून हसला असता तर तिला काय करायचं ते कळलं असतं, तिनं सरळ शिवी हासडली असती. पण तो हसला ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तसा, आपल्याच धंद्यातलं, आपल्याच लाइनीतलं. तिनं मयूरीकडं पाहिलं. पोरगी दुसऱ्या बाजूच्या पऱ्हाट्या बघत होती. कोण होता म्हणून तिनं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. जीप आली त्या दिवशी ती दारातच उभी होती.

त्या दिवशी पोरगी दारात होती, सासू सोनाबाई चुलीपाशी होती, सासरा चंपतराव देवळात होता आणि नवरा अमर बेल्लमपल्लीला ठेकेदाराच्या कामावर. गल्ल्यावर होती रंजीता. जो गल्ल्यावर असतो तोच गाडीत जातो, एवढा साधा कायदा. दारूच्या पेट्या आत होत्या, डाळीच्या पोत्यांमागं. जमादारानं शिव्या दिल्या नाहीत, ओढलंही नाही. “एक्कु अक्का,” एवढंच म्हणाला, चढ. चढायला पायरी उंच होती. लुगड्याचा काठ धरून, सगळ्या गल्लीच्या नजरेसमोर तिनं गुडघा वर उचलला, आणि तो गुडघा उचलण्याचा क्षण अजून तिच्या अंगातून गेलेला नाही. पाणी भरायला वाकली, चुलीपुढं बसली, जिना चढली की तो गुडघा परत उचलला जातो. ऑफिसात एका बाकावर तिला दिवे लागेपर्यंत बसवून ठेवलं. शेजारी कुठल्याशा तांड्यावरची एक बाई होती, हातभट्टीच्या केसमधली. तिनं तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्यात घेतला आणि विचारलं, “पहली बार?” रंजीता हो म्हणाली. “होता होता आदत होता,” ती बाई म्हणाली, तिला धीर द्यायला. गावातून सोडवायला कोण आलं? गावच्या कमिटीतलं काळं कुत्रं आलं नाही. कमिटीचे अध्यक्ष उद्धवराव त्या दिवशी म्हणे पाहुण्यांकडं गेले होते. कमिटीतल्याच नागोरावांचा फोन लागत नव्हता. संध्याकाळी अमर बेल्लमपल्लीहून आला, जमादाराच्या हातापाया पडला, आणि घरी येताना रस्ताभर बोलला नाही. रात्री बोलला. म्हणाला, “बाबाले तूच समजाव. माह्यं आयकत नाई थे.” आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं परत गेला. तेही तिच्या डोक्यात बसलेलं आहे. बापाला समजवायचं म्हटलं की याला बेल्लमपल्ली आठवते.

पण मुळात हे दुकान दारूचं झालं कसं? चंपतरावांचं आयुष्य गेलं गूळ, साबण, तेल, बिडी विकण्यात. शेत नाही, भाऊबंद नाहीत, बापाच्या काळात दुसरीकडून येऊन वसलेलं घर. गावात ग्रामपंचायत आहे, तिचं ऑफिस आहे, ऑफिसला कुलूप आहे. राज्य कमिटीचं. प्रत्येक जातीचा एक माणूस धरून गावानं आपली आपण बसवलेली कमिटी, सरकारदरबारी तिला कोणी ओळखत नाही आणि गावात तिच्याशिवाय पान हलत नाही. दर वर्षी ती मारुतीच्या पारावर हर्रास, म्हणजे लिलाव, करते. तळ्यातल्या मासोळ्यांचा हर्रास, रस्त्याकडंच्या चिंचांचा हर्रास, आणि गावात दारू विकायच्या हक्काचा हर्रास. लायसन्स असलेलं दुकान शहरात. गावातलं ते बेल्ट दुकान, कायद्यात नसलेलं. पण पारावर बोली लागते, सर्वात मोठ्या बोलीला नारळ दिला जातो, फेटा बांधला जातो, आणि मग वर्षभर गावात दुसऱ्या कोणी बाटली विकली तर कमिटी त्याला दंड करते. आलेल्या पैशात देऊळ वाढतं. गेल्या हर्रासाला चंपतराव पारावर नुसते बघायला गेले होते. उद्धवरावांच्या घरचं कालचं पोरगं त्यांना “ए चंपत्या, सरक तिकडं” म्हणालं. गाव जन्मभर तसंच म्हणत आलं होतं, त्यात नवीन काही नव्हतं. त्या दिवशी मात्र म्हाताऱ्याच्या आत काहीतरी तडकलं असावं. त्यांनी बोली वर नेली, कोणी थांबवेपर्यंत नेली. घरी आले ते गुलाबी फेटा बांधून, मागं वाजंत्री. सोनाबाईनं ओवाळलं. त्या शनिवारी मारुतीची पहिली आरती त्यांच्या हातात होती, आणि तेच पोरगं म्हणालं, “चंपतराव, या, पुढं या.” रंजीताला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला. आपल्या सासऱ्याला माणसांत बसताना पाहून कोणाला वाईट वाटेल? तिला कळायला वेळ लागला की फेटा त्यांच्या डोक्यावर बांधला आणि गल्ल्यावर बसवलं तिला. म्हातारे आता देवळात असायचे. मानाच्या माणसानं बाटल्या कशा द्यायच्या?

दुकान हळूहळू दुसऱ्याचं झालं. आधी वास बदलला. गुळाच्या भेल्या, राखेचा साबण, मिरच्या, या सगळ्यावर तो गोड कुजका वास येऊन बसला आणि तिच्या केसांत, हातांत, पोरीच्या वह्यांत शिरला. मग पायरी गेली. पायरीवर माणसं बसू लागली, मग पायरीला लागून असलेल्या नळाच्या ओट्यावर. ज्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ बायका घागरी ठेवायच्या तिथं शेंगदाण्याची फोलपटं, फाटके प्लास्टिकचे ग्लास आणि माणसं. ती माणसं तरी कोण? दिवसा याच माणसांनी तिला वहिनी म्हणायचं, तिच्याकडून लेकरांसाठी बिस्किटचा पुडा न्यायचा. अंधार पडला की ती तिच्याकडं पाहायची. नुसतं पाहायची. त्यासाठी कुठला कायदा नाही आणि कुठली जीप येत नाही. सुटं परत देताना बोट लागायचं ते चुकून लागलं असं समजायचं, आणि चुकून रोज लागायचं. ती गल्ल्यापुढं फळी लावून घेऊन पैसे फळीवर ठेवायला सांगू लागली, तर एक जण म्हणाला, “काऊन व, आमी बाटलो काय?” सगळे हसले. मयूरी शाळेतून पुढल्या दारानं यायची बंद झाली. मागच्या वावरातून, काट्याकुट्यातून यायची, पायाला ओरखडे. रंजीतानं एकदा विचारलं तर म्हणाली, “जवळ पडते तिकडून.” जवळ कुठलं, अर्ध्या गावाचा वळसा होता. पोरीनं हे खोटं इतक्या सहज सांगितलं की रंजीताला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि मग दिवसभर आपला हात नको झाला.

म्हणून जयवंताबाई अर्ज घेऊन आली तेव्हा रंजीतानं तो वाचलाही नाही. जयवंताबाई बचत गटाची, तोंडाची फटकळ, नळावर सगळ्यांत आधी घागर लावणारी. मागच्या आठवड्यात एक पिऊन पडलेला माणूस तिच्या भरलेल्या घागरीत ओकला होता. तिथून ती उठली ती घरोघर. दुकानाची दारू बंद करावी, कमिटीनं फेरविचार करावा, असा अर्ज. दुकानाशी आली तेव्हा बरोबरच्या बायका मागं थबकल्या. रंजीतानं हात पुढं केला. जयवंताबाईनं कागद मागं ओढला. “हे काय व? तुह्याच दुकानावर तूच सही करून राह्यली?”

“माहं दुकान कुठं हाय थे. दे इकडं.”

“सासरा घरात घीन काय मंग तुले?”

“नाई घेतलं तं तुह्या घरी येईन. सयपाक येते मले.”

जयवंताबाई हसली, पदरानं डोळे पुसेपर्यंत हसली, आणि कागद दिला. त्या सहीची गंमत अशी की ती करताना रंजीताला एकदम हलकं वाटलं. कमिटी काढून घेईल. आपल्याला भांडायलाच नको, सासऱ्याशी नको, नवऱ्याशी नको. ज्यांनी दिलं तेच घेतील. काल कमिटीच्या माणसानं, फकिरानं, दवंडी दिली, दारूच्या दुकानाचा फैसला पारावर, बायांनीबी यावं. बायांनीबी! गावाच्या आठवणीत पहिल्यांदा.

आणि आज, ऑटोतून उतरून, पोरीला घरी सोडून ती पारावर गेली तेव्हा तोंडावर तो हसरा जमादार अजून चिकटलेला होता. ऊन कललं होतं. देवळापुढं अर्ध्यावर थांबलेला सभामंडप, खांबांतून वर आलेल्या लोखंडी सळया, त्यांच्या सावल्या बसलेल्या माणसांवर. माणसं सतरंजीवर, बाया लिंबाखाली उभ्या. बायांसाठी सतरंजी आणायचं कोणाला सुचलं नव्हतं. चंपतराव पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, हात मांडीवर. उद्धवराव बोलायला लागले. गोड बोलतात. त्यांचा आवाज कधी चढत नाही, चढवायची वेळच त्यांच्यावर आलेली नाही.

“बायाइचं म्हणणं कमिटीनं आयकलं. बायाइचं म्हणणं खोटं नाई, हे मी हात जोडून सांगतो. पण इचार दोन्हीकून करा लागते.”

नागोराव लगेच, “बंद केली तं पेणारा पेणं सोडन काय? आदिलाबादले जाईन, येताना फटफटीवरून पडन. मंग याच बाया रडत येतीन कमिटीपाशी.”

“पडू द्या ना बाप्पा!” जयवंताबाई लिंबाखालून ओरडली. “माह्या घागरीत पडण्यापक्षा थ्या डांबरीवर पडला तं बरा. मले पाणी तं भरता येईन.”

बाया हसल्या. सतरंजीवरही दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले.

“जयवंताबाई, तोंड सांभाळून.”

“तोंडच तं हाय माह्यापाशी. बाकी समदं तुमच्यापाशी हाय.”

उद्धवरावांनी हात वर केला. स्लॅब अर्धा आहे म्हणाले, देवाचं काम अर्धं ठेवता येत नाही. हे ऐकल्यावर सगळ्यांनी सळयांकडं पाहिलं, जणू त्या सळयाच दारू पितात. रंजीता बघत होती की हे सगळं आधीच ठरलेलं आहे. बायांना बोलावलं ते ऐकायला, बोलायला नाही. मग नागोराव पुढं सरकले, आवाज खाली आणला, घरातलं काहीतरी सांगायचं असावं तसा. “खरी गोष्ट सांगू काय? दारूची गोष्टच नोय हे. गल्ल्यावर बाई बसते, म्हणून पोट्टे थिथं बसून राह्यते. माणूस बसला असता तं बाटली घेतली असती न् घरी गेले असते.”

कोणी हसलं नाही. माना डोलल्या. हळूहळू, समजूतदारपणे, एका मागून एक माना डोलल्या, आणि लिंबाखाली सुद्धा एक-दोन डोलल्या. रंजीताच्या कानांत गरम काहीतरी ओतलं गेलं. तिला आधी शब्दच कळेनात. आपण. कारण आपण. त्यांनी फेटा बांधला, त्यांनी बसवलं, त्यांच्या पोरांनी बोटं लावली, त्यांच्या देवाचे खांब उभे राहिले, जीपमधे गुडघा उचलला आपण, आणि फिरून फिरून निकाल लागला तो हा की घाण आपल्यापासून सुटते. तिला पळत जाऊन नागोरावांच्या तोंडात माती कोंबावीशी वाटली, मूठभर, ओली, दात दिसेनासे होईपर्यंत. ती हलली नाही. उद्धवराव ठराव सांगत होते, त्याच गोड आवाजात. दुकान चालू राहील. पायरीवर, ओट्यावर कोणी पिणार नाही. गल्ल्यावर आजपासून बाई बसणार नाही, चंपतराव खुद्द बसतील. चंपतराव काय म्हणता? आणि चंपतराव उभे राहिले. दम्यानं छातीचा भाता वर-खाली होत होता, तरी ताठ. “कमिटीचा हुकूम,” म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड होता, फेटा बांधला त्या दिवशीचा. त्या उजेडानं तिचा राग तुटला आणि दुप्पट होऊन परत जोडला गेला. या छातीला घेऊन हा माणूस त्या बाकावर बसेल? दिवे लागेपर्यंत?

“अन् एक्साइजची गाडी आली तं?”

आपणच बोललो हे तिला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं.

“सूनबाई,” उद्धवराव म्हणाले, “सासऱ्यासमोर...”

“सासऱ्यालेच नेतीन ना, म्हणून इचारून राह्यली. परवाना तुमी देल्ला. मंग लिहून द्या. कमिटीच्या हुकमानं चंपतराव दारू इकते, खाली अध्यक्षाची सही. गाडी आली का मी दाखवतो.”

माणसं आपापल्या नखांकडं पाहायला लागली. बैल दुसऱ्याच्या वावरात शिरला तरी शिक्क्याची पावती फाडणारी कमिटी.

“गावाचं काम तोंडी असते, सूनबाई.”

“मले गाडीत टाकलं थे तोंडी नोतं.”

“बस!” आता पहिल्यांदाच आवाज चढला. “ज्याले पटत नसन त्यानं हर्रास सोडावा. साल भरायच्या आत सोडला तं नेम मालूम हाय समद्याइले. त्या घरची मिठाची पुडीबी कोणी घेणार नाई. न्हावी नाई, चक्की नाई, मयताले खांदा नाई.”

चंपतरावांनी हात जोडले. तिच्याकडं न बघता, कमिटीकडं बघत. “लेकरू हाय. माफ करा.” त्या जोडलेल्या हातांना तिनं पाहिलं. जन्मभर गूळ जोखून झिजलेले हात, आता त्यांच्यापुढं जोडलेले, तिच्या वतीनं, तिच्या तोंडाबद्दल. ती मागं वळली. जयवंताबाईनं दंड धरला, “थांब ना व, अजून बोलू,” पण तिनं दंड सोडवून घेतला. बोलायचं कोणाशी? रस्त्यानं चालताना तिच्या मनात एकही पूर्ण वाक्य नव्हतं. पोरीचे ओरखडे होते, चिकटलेलं हसू होतं, बाकावरची ती तंबाखूवाली होती, होता होता आदत होता. नाही होणार. मला नाही होणार. घरोघर हे असंच चालतं, नवरा लांबचा, सासरा मानाचा, बाई गल्ल्यावर. आणि हिशेब लागायची वेळ आली की बाई उठ तिथून, तुझ्यामुळं झालं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. आली ती नुसती भूक, आतडी ओढणारी. घरात शिरून तिनं टोपल्यातली कालची भाकर उभ्यानंच खाल्ली, कोरडी. सोनाबाई बघत राहिली.

दुकानात आली तोवर चंपतराव पारावरून येऊन गल्ल्यावर बसले होते. खुद्द. खाली घडी केलेलं पोतं, टोपी तशीच. कमिटीचा हुकूम म्हणजे हुकूम.

“उठा, मामाजी.”

“ठराव झाला.”

“उठा म्हणतो मी.”

ते उठले नाहीत. तिनं फोन काढला. एक्साइजवाल्यांचा नंबर गेल्या उन्हाळ्यापासून होता, अमरनं दिलेला, तिनं तो ‘गाडी’ या नावानं ठेवला होता. पलीकडून बाईचा आवाज आला, तेलुगूत, मग हिंदीत. रंजीता म्हातारबाच्या समोर, फळीला टेकून, मोठ्यानं बोलली. गावाचं नाव सांगितलं. किराणा दुकान, डाळीच्या पोत्यांमागं पेट्या आहेत. किसके ऊपर कम्प्लेंट है? रंजीता. और आप कौन बोल रहे? रंजीता. दोनों का एकही नाम? “एकच बाई हाय,” ती म्हणाली, आणि मग हिंदीत, “अब आगे के नाम लिखो. हर्रास किनने किया उनके.” उद्धवराव. नागोराव. एक एक नाव, बापाच्या नावासकट, सगळी कमिटी, अगदी सावकाश. ती बोलत असताना सोनाबाई मधल्या दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागं मयूरी. पोरगी पुढल्या खोलीपर्यंत किती महिन्यांनी आली होती.

फोन ठेवला. चंपतराव तिच्याकडं बघत होते. आता शिवी येईल, नाहीतर हात उगारतील, नाहीतर छाती धरून कोसळतील, या सगळ्यांसाठी ती तयार होती.

“माह्यं नाव काऊन नाई सांगतलं?”

“काय?”

“हर्रास माह्या नावानं सुटला होता. तुह्या नावानं नाई. तू तुह्यं नाव काऊन देल्लं?”

हा मान होता की माया, तिला त्या चेहऱ्यावरून कळेना. बहुतेक त्यांनाही कळत नसावं. एवढा राग घेऊन ती आली होती आणि हा माणूस तिला रागवायला धड जागाही ठेवत नव्हता. गाडीत बसायचा हक्कसुद्धा याला स्वतःच्या नावावर हवा!

“सरका,” ती म्हणाली.

ते उठले नाहीत. सरकले. ती त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली, खांद्याला खांदा लागला, दम्याची घरघर तिला आपल्याच छातीत वाजल्यासारखी ऐकू आली. पाराकडून माणसं परतायला लागली होती. त्यांतला एक सवयीनं पायरी चढला. नागोरावांचा पुतण्या, मघाशी डोललेल्या मानांपैकी एक. त्यानं रंजीताला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि तिच्या डोक्यावरून म्हणाला, “चंपतराव, एक क्वार्टर द्या.”

“मले माग,” रंजीता म्हणाली.

तो गोंधळला. चंपतरावांकडं पाहू लागला. म्हातारा रस्त्याकडं बघत होता, मान न वळवता.

“तिले माग,” ते म्हणाले.

पुतण्यानं पाय बदलला. मधल्या दारात उभ्या असलेल्या पोरीकडं त्याची नजर गेली आणि खाली आली.

“वहिनी, एक क्वार्टर.”

“नाई,” रंजीता म्हणाली.